विमानाच्या तोडीचा संडास

शिडाच्या होडीपायी सरूबाईला मिळणार काय होतं, ते आधीच सांगितलेलं बरं. मासे मिळणार नव्हते, कारण घरात कुणी मासे खात नाही. हवा म्हणावी तर ती गच्चीवरही मिळते, फुकट. सरूबाईला मिळणार होती ती एकच गोष्ट. भागूबाईंचं तोंड घटकाभर बंद होणार होतं.

भागूबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, राहणार कन्नड. त्यांचा गोकुळ मस्कतला नोकरीला लागला आणि त्यानं आईला एकदा विमानानं नेऊन आणलं. विमानातून माणूस ढग बघतो. भागूबाईंनी बघितला संडास. बटण दाबलं की खाड्‌कन आवाज होतो आणि सगळं गडप, पाण्याचा थेंब लागत नाही, हे त्यांनी साखरपुड्यात सांगितलं, बारशात सांगितलं आणि एका तेराव्याच्या पंगतीतही सांगितलं. "खुर्चीत बसल्यावानी बसायचं, सरू. अन् खाली ढग. तुला नाय कळायचं." सरूबाई मान डोलवायची. धाकटीनं थोरलीला उलट बोलायचं नाही, असा त्या घरातला रिवाज. दाखवायला मनाई नव्हती, पण दाखवायला जवळ काही पाहिजे ना.

ते आणलं तिच्या विश्वजीतनं. क्रांती चौकाच्या मागं त्याचं मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. निम्म्या शहराच्या बोअरच्या मोटारी आपण दुरुस्त केल्या, असं तो सांगतो. उरलेल्या निम्म्या त्यानंच जाळल्या, असं त्याची बायको सोनिया सांगते. एका गिऱ्हाइकाचा पंप बसवायला तो अलिबागकडे गेला आणि येताना एका म्हाताऱ्या गृहस्थाची जुनी शिडाची होडी ठरवून आला. ट्रेलरवर घालून ती घाट चढवून आणली आणि बिडकीनच्या पुढे, जायकवाडीच्या फुगवट्यावर सोडली. परवानग्यांसाठी किती जोडे झिजले ते तो अजून सांगतो. ऐकणाऱ्याला वेळ असला तर.

सोनियानं आठवडाभर तोंड फुगवलं. सरूबाईनं सुद्धा पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला.

"समुद्र नाय, काय नाय, अन् होडी घेतली यानं. म्हशी घेतल्या असत्या तर दूध तरी दिलं असतं."

"आई, आत खोली हाय. दोन बाकडी हायेत झोपायला. संडास हाय."

सरूबाईचा हात कपाळावरून खाली आला. "आत?"

"आत."

"दार हाय?"

"दार हाय, कडी हाय."

"मग घेतली ते बरं केलंस," ती म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिनं कन्नडला फोन लावला.

फोनवर भागूबाईंना पहिलाच प्रश्न सुचला तोही नेमका. "होडीतला संडास म्हंजे पाण्यात सोडत्यात व्हय? अन् ते पाणी पिता तुमीच ना?" विश्वजीतनं आईच्या हातून फोन घेतला आणि समजावून सांगितलं. तळ्यात थेंबही जात नाही. सगळं होडीतल्या बंद टाकीत जातं, टाकी काठावर आणून रिकामी करायची. "बघू," भागूबाई म्हणाल्या. "संक्रांत झाली की येते. विहीणबाईंना पण आणते." गोकुळची सासू दगडाबाई, तीही कन्नडचीच. सरूबाईनं फोन ठेवला तेव्हा तिच्या तोंडावर तेज होतं. साक्षीदारासकट येणार होत्या. याहून चांगलं काय?

आता त्या संडासाबद्दल. शिडाच्या पुढं, डाव्या अंगाला, कपाटाएवढी खोली. त्यात परातीएवढं पांढरं भांडं. शेजारी हातपंप, सायकलीत हवा भरायचा असतो तसा. पंपाच्या माथ्यावर एक छोटी दांडी. ती एका बाजूला केली की पंप मारताना तळ्यातलं पाणी भांड्यात येतं. दुसऱ्या बाजूला केली की पाणी यायचं थांबतं आणि भांड्यातलं तेवढं टाकीत ढकललं जातं. तळ्यातून पाणी घेणारी नळी होडीच्या तळाला जिथं बाहेर पडते, तिथं एक पितळी कॉक. काम झालं की दांडी कोरड्या बाजूला आणि कॉक बंद. कारण भांड्याचा काठ तळ्याच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. वाट उघडी राहिली तर तळं आपणहून आत येतं, हळूहळू, कुणाला न विचारता.

हे सगळं विश्वजीतनं घरच्यांना पहिल्याच रविवारी सांगितलं. सोनियानं ऐकलं. सरूबाईनं मान डोलवली, भागूबाईंच्या विमानाला डोलवायची तशीच.

त्याच रविवारी दुपारी सगळे काठावर उतरून जेवले, बाभळीच्या सावलीला. परत होडीत गेले तर भांडं काठोकाठ भरलेलं आणि खालची फळी ओली.

विश्वजीतला आनंदच झाला. बिघडलेला पंप बघितला की त्याचा चेहरा पाहुणे आल्यासारखा होतो. तो म्हणाला, "टाकीकडनं उलटं येतंय. बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी रबरी जिभली असती, ती कडक झाली असणार." पुढच्या रविवारी त्यानं नाकाला रुमाल बांधून जिभली बदलली. जुनी खरंच कडक झाली होती. ती त्यानं सगळ्यांना दाखवली, लग्नातला अहेर दाखवावा तशी. दुपारी जेवून आले तर भांडं भरलेलं.

काठावर होडी राखायला बिभीषण असतो. शेळ्या चारता चारता होडीवर नजर ठेवतो. तो म्हणाला, "साहेब, जुनी हाय. म्हातारपणी व्हतंच असं."

"जुनी असली तरी पंप पंपच असतो," विश्वजीत म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद जरा कमी झाला होता.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं डोकं चालवलं. कपड्यांना घालायची नीळ आणली आणि टाकीच्या नळीत ओतली. भांड्यात निळं पाणी आलं तर दोष टाकीकडचा, स्वच्छ आलं तर तळ्याकडचा. ही युक्ती त्यानं सोनियाला तीनदा सांगितली. युक्ती चांगलीच होती. दुपारी भांडं भरलेलं होतं आणि पाणी नितळ. म्हणजे तळ्याकडचा दोष. चौथ्या रविवारी त्यानं पंपातले वायसर बदलले, दांडीच्या आतली झडप बदलली, कॉक खोलून घासून ग्रीस लावून परत बसवला. तळ्याचं पाणी आपोआप ओढलं जाऊ नये म्हणून नळीला उंच कमान करून तिच्या माथ्यावर हवा घेणारा एक लहानसा भाग बसवतात, तो जुन्या मालकानं काढून टाकलेला होता. तो विश्वजीतनं मुंबईहून मागवला. तिथला दुकानदार म्हणाला, यायला वेळ लागेल. तोपर्यंत कॉक तर होता. आणि कॉक सकाळी आपण स्वतःच्या हातानं बंद केला, याची विश्वजीत शपथ घ्यायला तयार होता.

दुपारी भांडं भरलेलं.

त्या दिवशी शहरातला नावाजलेला पंपवाला होडीच्या कडेला पाय सोडून बसला. संक्रांत महिन्यावर आली होती. शेवटी त्यानं बिभीषणकडे मोर्चा वळवला. "बिभीषण, खरं सांग, आम्ही जेवायला गेलो की तू आत जातो का?"

बिभीषणला राग आला नाही, हसू आलं. त्यानं हात लांब करून क्षितिजापर्यंतचं माळरान दाखवलं. "साहेब, एवढं सोडून मी त्या कपाटात कशाला जाऊन बसू?"



छडा लावला सोनियानं, आणि तोही पंपाकडे न बघता. पुढच्या खेपेला जेवायला उतरायच्या आधी ती होडीतच रेंगाळली, डबे आवरायचं निमित्त करून. तेवढ्यात संडासाचं दार उघडलं आणि सरूबाई बाहेर आली, पदराला हात पुसत, चेहऱ्यावर समाधान. भागूबाईंना करून दाखवायचं म्हणजे स्वतःला सफाईनं आलं पाहिजे; तेव्हा दर रविवारी काठावर उतरायच्या आधी ती एक चक्कर सरावाची मारत होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण अशा गोष्टीचा सराव करतो हे कोण सांगेल?

ती काठावर उतरल्यावर सोनिया आत गेली. दांडी पाण्याच्या बाजूला. कॉक सताड उघडा. भांड्याच्या तळाशी पाणी बारीक झुळझुळत होतं.

सोनिया सासूला आत्या म्हणते. जेवणं झाल्यावर तिनं बाभळीखालीच विषय काढला. "आत्या, तुम्ही निघताना तो कॉक उघडता का?"

"उघडते की," सरूबाई म्हणाली, आणि धपाट्याचा तुकडा मोडला. "हा दर खेपेला बंद करून ठिवतो येड्यासारखा. मी आपली ध्यान ठिवून उघडते."

विश्वजीतच्या हातातला तांब्या खाली आला. "आई, कशाला उघडतेस?"

"कशाला म्हंजे? अन् पाणी आलं तर?"

 खरी गोष्ट अशी की या शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. म्हणून ज्या नळाला पाणी नाही तो नळ कुणी बंद करत नाही. खाली ड्रम लावायचा, नळ पूर्ण सोडायचा आणि आपल्या कामाला जायचं. आलं तर भरलेलं सापडेल. बंद नळ दिसला की या घरातलं कुणीही, जाता जाता, हात लांब करून तो उघडतं. त्यात विचार करायचा नसतो.

"आई, अगं चार रविवार मी मरतोय तिथं..." विश्वजीत आवाज चढवायला लागला.

"तुम्ही सकाळी न्हाणीतला नळ बंद करून आलात?" सोनियानं विचारलं.

विश्वजीत थांबला. आठवायला लागला. खाली ड्रम लावून, नळ पूर्ण सोडूनच तो निघाला होता.

मग तो जरा खालच्या पट्टीत आला. "आई, घरी आपण पाण्याची वाट बघतो. इथं पाणी बाहेर टेकून बसलंय, आपली वाट बघत. फट मिळाली की आलंच."

"व्हय का," सरूबाई म्हणाली. तिला पटलं होतं, पण पटणं आणि हाताला पटणं यात फरक असतो. पुढच्या दोन खेपांना तिनं आठवणीनं कॉक बंद केला आणि दार लावता लावता परत आत जाऊन उघडला. हात ऐकेना.

त्यावरही तोडगा सोनियानंच काढला. ती शाळेत पोरांना शिकवते. चूक कुठं आहे त्यापेक्षा कशी सुटेल ते तिला आधी दिसतं. ती म्हणाली, "आत्या, त्याला नळ म्हणूच नका. गॅस म्हणा. ही दांडी म्हणजे शेगडीचं बटण. तो कॉक म्हणजे सिलिंडर. गॅस चालू ठेवून तुम्ही कधी घराबाहेर पडल्या का?"

सरूबाईनं सुनेकडे बघितलं. गॅस उघडा टाकून जायचं, हे शब्दच तिला सोसले नाहीत. निजायच्या आधी तीनदा उठून सिलिंडर चाचपणारी बाई ती. त्या दिवसापासून काम झालं की दांडी कोरडी, कॉक बंद, आणि दार लावायच्या आधी एकदा वाकून वास घेतल्यासारखं करायची. भांडं परत भरलं नाही. विश्वजीतनं मात्र दुकानात गिऱ्हाइकांना नीळ घातल्याचीच गोष्ट सांगितली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी भागूबाई आल्या. जीपमधून उतरल्या त्या पाय पुढं करूनच. पायात मस्कतच्या चपला, तपकिरी, वर सोनेरी नक्षी.

"उंटाच्या कातड्याच्या हायेत," त्यांनी बिभीषणलाही सांगितलं.

"उंटाच्या? मग पाण्याचं भ्या नाय त्यांला," दगडाबाई म्हणाल्या. बारीक, वाळलेली, कमी बोलणारी बाई. पण बोलली की मागं काहीतरी ओरखडा ठेवून जायची.

होडीत चढताना सगळ्यांनी चपला काढल्या आणि आतल्या खोलीत, संडासाच्या दाराजवळ ठेवल्या. भागूबाईंनी आपल्या चपला जरा वेगळ्या ठेवल्या, बाकीच्यांची धूळ लागू नये म्हणून. विश्वजीतनं होडी दाखवली, शीड दाखवलं, बाकडी दाखवली. भागूबाईंनी कशाकडेही नीट बघितलं नाही. त्यांना काय बघायचंय ते सगळ्यांनाच माहीत होतं.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या, "कुठं हाय ते तुमचं?"

सरूबाई उठली. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. दार उघडून बाजूला झाली, देवळाचा पुजारी गाभाऱ्यापाशी होतो तशी. "बाई, आदी ही दांडी इकडं करायची. मग..."

"सरे, मला शिकवती का?" भागूबाई आत शिरल्या. "विमानातला वापरलाय मी."

"बाई, विमानातला निराळा. हितं निघताना..."

दार लागलं. कडी वाजली. सरूबाई बाहेर उभी राहिली, अर्धं वाक्य तोंडात घेऊन. तिनं सोनियाकडे बघितलं. थोरल्या जावेच्या दारावर थाप मारून शिकवणारी धाकटी जाऊ त्या घराण्यात अजून जन्मली नव्हती.

आतून पंपाचा आवाज आला, दमदार. मग भागूबाई आल्या. "हाय बरा," त्या म्हणाल्या. "पण हातानं हाणावं लागतंय, बटण नाय. विमानात कसं..."

आणि विमान सुरू झालं. खुर्ची झाली, बटण झालं, खाड्‌कन झालं. दगडाबाईंनी ते अनेकदा ऐकलं असावं. त्या तळ्यावरच्या पाणकोंबड्या मोजत बसल्या. सरूबाई हसत होती, पण ते हसू कपाळापर्यंत पोचत नव्हतं. आत जाऊन एकदा बघावं, हे तिच्या मनात येत होतं. पण पाहुणी बोलत असताना उठून तिच्या मागं संडास तपासायला जायचं, हे दिसलं कसं असतं?

वारा आला. विश्वजीतनं शीड चढवलं. होडी हलली आणि डाव्या अंगावर कलली, भरल्या घागरीनं बाई कलते तशी. दगडाबाईंनी कड धरली. मग त्यांना आवडलं. भागूबाईंनाही आवडलं, पण त्यांनी दाखवलं नाही. सोनियानं धपाटे काढले, दही काढलं, लाल मिरचीचा ठेचा काढला. पाणी चमकत होतं. शीड टम्म फुगलं होतं. विश्वजीतचा हात सुकाणूवर, छाती पुढं. काठावरून कुणीतरी गाडी थांबवून बघत होतं, आणि बघतंय हे विश्वजीतला कळत होतं. सरूबाईच्या मनात आलं, विमान राहू दे बाजूला. हे माझ्या पोराचं.

डाव्या अंगाला कलल्यामुळं संडास मात्र पाण्यात आणखी खाली गेला होता.

पहिल्यांदा दिसलं दगडाबाईंना. त्या आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी घास चावून संपवला, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा उंट पवाया लागला."

खालच्या पायरीपाशी मस्कतची एक चप्पल तरंगत आली. सोनेरी नक्षी वर. तिच्यामागून दुसरी आली. मग बाकीच्यांच्या साध्या चपला, लवाजम्यासारख्या.

विश्वजीतनं सुकाणू सोनियाच्या हातात दिलं आणि उडी मारून आत गेला. शीड सैल करायला सांगितलं. होडी सरळ झाली. आतून आवाज आला. "कॉक उघडा हाय. दांडी पण पाण्याकडं. कुणी ठेवला?"



भागूबाईंचा हात धपाट्यावर थांबला होता. त्या कॉकला त्यांनी हात लावला होता खरा. बंद होता, आणि बंद नळ दिसला की कन्नडलाही हात तसाच लांब होतो, तिथं तरी पाणी कुठं रोज येतं. पण विश्वजीतचा पितळी कॉक नळ नसतो, हे ऐकायला त्या थांबल्याच नव्हत्या. आता त्यांना कळलं होतं. त्या पाण्याकडे बघत होत्या, आणि इतकी वर्षं ज्यांना शब्दाची वाट बघावी लागली नाही त्यांना आज एक शब्द सापडेना.

दगडाबाईंनी बोट चाटलं. "शेवटी कोण गेलं हुतं आत?"

प्रश्न साधाच होता. पण विचारणारी विहीण होती. गोकुळच्या सासूसमोर, तिच्या तोंडावर, लेकाच्या आईची फजिती. ती कन्नडच्या बाजारातून कोपऱ्याकोपऱ्यानं फिरणार होती आणि गोकुळच्या सासरी कायमची मुक्कामाला राहणार होती. सरूबाईला हे सगळं दिसत होतं. तिच्या ओठांवर होतं ते इतकं छोटं वाक्य होतं: बाई गेल्या होत्या. उलट बोलणंही नव्हतं ते. विचारलेल्याचं उत्तर. एवढं म्हटलं असतं तर विमान जागच्या जागी खाली पडलं असतं. सरूबाईनं तोंड उघडलं.

मग तिला भागूबाईंचा हात दिसला. अंगठा धपाट्यात रुतला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"मीच की," सरूबाई म्हणाली. "बाईंच्या मागनं मी गेले हुते. म्हातारा हात, राहिला उघडा."

"तुमच्याच होडीतला तुमालाच येईना व्हय?" दगडाबाई म्हणाल्या.

"नाय येत अजून," सरूबाई म्हणाली.

खालून विश्वजीतचं डोकं वर आलं. चार रविवार झगडून त्यानं तो संडास निर्दोष केला होता. "आई, तू कुठं गेलती? तू तर हितंच..."

"अहो, आधी पाणी उपसा," सोनिया म्हणाली. असं म्हणाली की डोकं परत खाली गेलं.

त्यानं कॉक बंद केला, दांडी फिरवली, भांडं कोरडं केलं, फळीवरचं पाणी बादलीनं काढलं. पंप सुरेख चालत होता, एकाही वायसरमधून थेंब गळत नव्हता. हे बघायला आत कुणी नव्हतं. उंटाच्या चपला त्यानं वर उन्हात ठेवल्या. त्या वाळता वाळता टोकाकडून वर वळायला लागल्या, पापडासारख्या.

परतीच्या वाटेवर काठ जवळ आल्यावर भागूबाई उठल्या, तोल सावरत दाराशी गेल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "सरू, जरा ये. ते बंद कसं करायचं असतंय, दाव मला."

दोघी त्या कपाटाएवढ्या खोलीत मावल्या कशा, कोण जाणे. दार उघडंच होतं.

"ही दांडी इकडं. अन् तो कॉक आडवा. नळ नाय म्हणायचा त्याला, बाई. गॅस म्हणायचा. शेगडी बंद, सिलिंडर बंद."

भागूबाईंनी दांडी फिरवली. खाली वाकून कॉक आडवा केला. परत उघडला, परत बंद केला. "गॅस," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "विमानात बंद करायचं कायच नसतंय."

"नसतं व्हय?"

"नाय. बटण दाबायचं अन् निघायचं. तिथं माणसाला विचारतंय कोण."

वर आल्यावर त्या सरूबाईच्या शेजारी बसल्या. आधी बसल्या होत्या त्याच्यापेक्षा जवळ.

होळीनंतर कन्नडला एक लग्न झालं. मंगल कार्यालयात बायकांच्या घोळक्यात भागूबाई मध्ये बसल्या होत्या आणि सरूबाई खांबाशी, जवळच. कुणीतरी मस्कतचा विषय काढला. सरूबाईनं सवयीनं मान डोलवायला घेतली.

"त्याचं काय सांगावं," भागूबाई म्हणाल्या. "बटण दाबलं की झालं, लेकरू पण दाबील. खरा बघायचा तर आमच्या सरूच्या होडीतला बघा. दांडी हाय, कॉक हाय, पंप हाय. बाहेर सगळं धरण, अन् मधी आपण. अक्कल लागती तिथं. निघताना गॅस बंद केल्यावानी बंद करावं लागतं, नायतर तळं आत येतं. मला येतं आता."

"सरूबाईंना नाय येत पण," पलीकडून दगडाबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

सरूबाईही हसली. या खेपेला हसू कपाळापर्यंत पोचलं.

शेवटी हिशेब असा झाला. मस्कतच्या चपला भागूबाईंच्या गेल्या. वळल्या त्या परत सरळ झाल्या नाहीत, आता त्या चपला गोठ्यात वापरतात. मुंबईहून आलेला कमानीचा भाग विश्वजीतनं बसवला. आता कॉक उघडा राहिला तरी भांडं भरत नाही, पण तुमच्या होडीत पाणी शिरतं म्हणे, असं दुकानात येणारं कन्नडचं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला आवर्जून विचारतं, आणि खरं सांगायची त्याला आईकडून मनाई आहे. विमानाचा मान भागूबाईंनी आपण होऊन सरूबाईच्या होडीला दिला, पुन्हा मागितला नाही. उरलं ते सरूबाईनं भरलं: आपल्याच पोराच्या होडीतला संडास जिला वापरता येत नाही, अशी ती एकटीच बाई साऱ्या कन्नड तालुक्याला ठाऊक आहे.